केसपेपर बाईच्या नावाचा

मूल होत नाही म्हणून एखादे जोडपे तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात येते, तेव्हा केसपेपर निघतो तो बाईच्या नावाचा. नवरा बरोबर आलेला असला तरी तो बहुधा बाहेर मोटारसायकलपाशी उभा असतो आणि आत तिच्यासोबत सासू, जाऊ किंवा नणंद असते. वय किती, पाळी नियमित आहे का, लग्नाला किती वर्षे झाली, एवढे प्रश्न तिला विचारले जातात. तिचा नवरा वर्षातले किती दिवस घरी असतो, दोघांना निजायला स्वतंत्र खोली आहे का, ती दिवसभर कोणते काम करते, मागच्या वेळी दिवस गेले होते तेव्हा कामावरून किती दिवस घरी राहणे तिला परवडले, हे त्या कागदावर कुठेही येत नाही. माझे म्हणणे असे की कोकणातल्या वंध्यत्वाचा आणि गर्भ जाण्याचा बराच भाग या न विचारलेल्या प्रश्नांत दडलेला आहे. आधी बाईचे नशीब, मग बाईचे शरीर आणि अलीकडे तिच्या घरच्यांची ऐपत, अशा क्रमाने आपण या दुःखाचा धनी ठरवत आलो, त्यामुळे सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेला त्यातून अंग काढून घेणे सोपे गेले.

व्याख्येपासूनच सुरुवात करू. गर्भनिरोधक न वापरता, नियमित शरीरसंबंध असूनही १२ महिन्यांत गर्भ राहिला नाही, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला वंध्यत्व म्हणते. संघटनेच्या २०२३च्या अहवालानुसार जगातल्या साधारण १७.५ टक्के प्रौढांना, म्हणजे सहांपैकी एकाला, आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो. या व्याख्येतला ‘नियमित’ हा शब्द कोकणात आणला की त्याचा अर्थच डळमळू लागतो. चाकरमानी गणपतीला आठ-दहा दिवस, शिमग्याला चार-पाच दिवस आणि मे महिन्यात जेमतेम पंधरवडाभर गावी येतो. वर्षाचा हिशेब महिनाभराचा भरतो. लग्नाला तीन वर्षे झाली म्हणून जिच्याकडे गाव संशयाने पाहते, तिचा प्रत्यक्ष सहवास तीन महिन्यांचा असतो. त्यातही एका पाळीचक्रात गर्भधारणेला अनुकूल दिवस सहाच्या आसपास असतात आणि ते नेमके चतुर्थीच्या आठवड्यात येतील असे कुणी सांगितले आहे? त्या आठवड्यात घरात वीस माणसे असतात. बायका माजघरात आणि पुरुष पडवीत, अशी निजण्याची वाटणी असते. आखातात कामाला गेलेल्यांचा हिशेब तर आणखी विरळ. रत्नागिरी, दापोली, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत दोन वर्षांचा करार आणि मग दोन महिन्यांची रजा, असा संसार चालतो.

२०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ आणि सिंधुदुर्गात १०३६ स्त्रिया मोजल्या गेल्या, आणि २००१च्या तुलनेत दोन्ही जिल्ह्यांची एकूण लोकसंख्या घटलेली आढळली. या आकड्यांचे आपण पूर्वी कौतुक केले, इथे मुलींना मारत नाहीत असे म्हणालो. ते काही अंशी खरेही असेल. पण हा आकडा मुख्यतः गैरहजर पुरुषांचा आहे. मनीऑर्डरवर जगणाऱ्या या जिल्ह्यांतून पुरुष आधी गिरणीत गेला, १९८२च्या संपानंतर गिरण्या बसल्या तेव्हा वॉचमन, ड्रायव्हर, हॉटेलातला वेटर झाला, आणि त्याचा मुलगा आता मॉलमध्ये किंवा माल पोचवण्याच्या कामात आहे. बायकोला मुंबईला न्यावे तर नालासोपारा किंवा दिव्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत आधीच भाऊ, भावजय आणि त्यांची दोन मुले राहत असतात. अशा जोडप्याला हार्मोनची गोळी लिहून देणे म्हणजे घराच्या टंचाईवर औषधोपचार करणे होय. त्यांना गोळी कधी लागणारही नाही असे मी म्हणत नाही. ती लागते की नाही हे कळायला आधी दोघांनी सलग वर्षभर एका घरात राहायला हवे, इतकेच.

वाढत्या वयाचा प्रश्नही असाच उलटा मांडला जातो. मुली शिकल्या, नोकरीच्या मागे लागल्या, लग्ने लांबली आणि म्हणून मुले होईनात, हे सत्कारसमारंभांच्या भाषणांतून इतक्या वेळा ऐकले आहे की वक्ता बदलला तरी वाक्य बदलत नाही. वयाचा परिणाम होतो हे वैद्यकीय सत्य आहे आणि पस्तिशीनंतर बीजांडांची संख्या व गुणवत्ता वेगाने घसरते. परंतु कोकणातल्या गावात लग्न कुणामुळे लांबते ते पाहावे. मुलगा पस्तिशीला पोचलेला असतो, कारण कायम नोकरी नाही, मुंबईत खोली नाही, बागायत वडिलांच्या आणि चार चुलत्यांच्या सामायिक नावावर आहे आणि मुलीकडचे हे सगळे विचारतात. त्यांनी ते का विचारू नये? घर, नोकरी आणि सातबाऱ्यावरचे नाव यांच्यासाठी गेलेली दहा वर्षे शेवटी बायकोच्या वयात मोजली जातात.

आता पुरुषाकडे येऊ. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचे कारण एकट्याने किंवा बायकोच्या कारणाबरोबर असते. वीर्यतपासणी ही या साऱ्या खटाटोपातली सर्वांत स्वस्त, वेदनारहित आणि एका सकाळी उरकणारी चाचणी आहे. तरीही ती सर्वांत शेवटी होते. तोवर बाईची सोनोग्राफी झालेली असते, रक्ताच्या तपासण्या झालेल्या असतात, गर्भनलिकांत औषध सोडून एक्स-रे काढलेला असतो, एखादवेळी दुर्बीण घालूनही पाहिलेले असते. देवाला कौल लावून झालेला असतो, गाऱ्हाणे घालून झालेले असते. माझ्या माहितीतल्या एका घरात सहा वर्षे सुनेचे उपचार चालले, तिच्या माहेरची दोन तोळ्यांची माळ त्यात गेली, आणि सातव्या वर्षी नवऱ्याने तपासणी केली तेव्हा शुक्रजंतू जवळजवळ नव्हतेच. ही बातमी घराबाहेर जाऊ नये म्हणून पुढेही ‘हिच्यातच काहीतरी आहे’ असेच सांगितले गेले, आणि सांगणारी बहुधा तीच होती.

पुरुषाचे काम आणि त्याची प्रजननक्षमता यांचा संबंध आहे हे नवे ज्ञान नाही. वृषणांना शरीरापेक्षा कमी तापमान लागते, त्यामुळे सतत उष्णतेजवळ काम करणाऱ्यांच्या शुक्रजंतूंवर परिणाम होऊ शकतो. ट्रॉलरच्या इंजिनाशी दिवसच्या दिवस बसणारा ड्रायव्हर किंवा बेकरीच्या भट्टीवरचा कामगार यांना हे कुणी सांगितलेले नसते. १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या एका कीटकनाशक कारखान्यातल्या कामगारांच्या लक्षात आले की आपल्यापैकी फारच थोड्यांना मुले होत आहेत. तपासण्या झाल्या आणि डीबीसीपी या रसायनामुळे शुक्रजंतू नष्ट होत असल्याचे सिद्ध झाले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की आधी शंका आली ती आपसात बोलणाऱ्या कामगारांना. आपल्याकडे हापूसच्या कलमांवर मोहोर येण्यापासून फळ धरेपर्यंत फवारण्यांमागून फवारण्या होतात, आणि फवारणारा गडी बहुधा तोंडाला टॉवेल गुंडाळून, पायांत चपला घालून काम करतो. या फवारण्यांमुळे इथे वंध्यत्व येते असे म्हणायला माझ्याजवळ पुरावा नाही आणि पुराव्याशिवाय बागायतदाराला दोषी ठरवणे अन्यायाचे होईल. मात्र त्या गड्याचे वीर्य कुणी तपासतच नाही, तेव्हा ‘पुरावा नाही’ या वाक्याला निर्दोषत्वाच्या दाखल्याचे मोल देता येत नाही.

क्षयरोगाचा उल्लेख इथे केलाच पाहिजे, कारण भारतात गर्भनलिका बंद होण्याचे ते एक मोठे कारण आहे. जननेंद्रियांच्या क्षयाला खोकला लागत नाही, ताप असेलच असे नाही; कित्येकींना तो होऊन गेल्याचे मूल होत नाही म्हणून केलेल्या तपासणीतच कळते. दाटीवाटीची वस्ती आणि अपुरे अन्न यांच्याशी क्षयाचे नाते सर्वश्रुत आहे. ज्या खोलीत चाकरमान्याला संसार मांडायला जागा मिळाली नाही, तिनेच हा रोगही गावी पाठवला असेल.

गर्भ जाण्याच्या विषयावर मला अधिक थांबायचे आहे, कारण तिथे आपली भाषाही बाईला साथ देत नाही. आपोआप गेलेला गर्भ आणि मुद्दाम काढलेला गर्भ या दोन्हींना आपण ‘गर्भपात’ हा एकच शब्द वापरतो. वैद्यांचा ‘गर्भस्राव’ पुस्तकातच राहिला. गावात ‘पोट पडले’ म्हणतात आणि त्याच्या शेजारीच ‘पोट पाडले’ हा प्रयोग उभा असतो. एका कान्याच्या अंतरावर संशय आहे. जड उचललेस का, पपई खाल्लीस का, तिन्हीसांजेला व्हाळावर गेली होतीस का, अशी चौकशी सुरू होते आणि प्रत्येक प्रश्नात तिचाच गुन्हा शोधला जातो.

वस्तुस्थिती अशी आहे की लक्षात आलेल्या गर्भधारणांपैकी सुमारे १५ टक्के आपोआप संपतात. २०२१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या लेखमालेने जगभरातली ही संख्या वर्षाला सुमारे २ कोटी ३० लाख असल्याचा अंदाज दिला. पहिल्या तीन महिन्यांत गेलेल्या गर्भांपैकी निम्म्यांच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचा दोष असतो, आणि तो बाईने काय खाल्ले किंवा काय उचलले यामुळे निर्माण होत नाही. म्हणून एका बाईचा एक गर्भ गेला तर ‘तुझ्यामुळे नाही’ हे तिला स्पष्ट शब्दांत सांगणे डॉक्टरचे, आशाताईंचे आणि घरच्या वडीलधाऱ्यांचे पहिले काम आहे.

पण याच ठिकाणी विचाराची एक गाठ आहे आणि ती नीट सोडवली नाही तर घोटाळा होतो. एका बाईच्या बाबतीत कारण बहुधा सांगता येत नाही. हजार बायकांच्या बाबतीत मात्र गर्भ जाण्याचे प्रमाण सर्वांत सारखे राहत नाही. तामिळनाडूत सुमारे ८०० गरोदर स्त्रियांवर झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उष्णतेत काम करणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भ आपोआप जाणे आणि मृतजन्म यांचा धोका साधारण दुप्पट आढळला. आपल्या किनाऱ्यावरची हवा दमट. घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होण्याची वाटच बंद होते. एप्रिल-मेच्या उन्हात वाळूवर बोंबील-सुकट उलटवणारी, आंब्याच्या पेट्या भरणारी, चिरेखाणीवर राबणारी गरोदर बाई या किनाऱ्यावर नवी नाही. ‘तू जड का उचललेस’ हा प्रश्न तिला विचारण्याऐवजी मे महिन्यात अर्धा कोस चढून पाणी का आणावे लागते, हा प्रश्न ग्रामपंचायतीला विचारला, तर दोष योग्य पत्त्यावर पोचेल. साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या गावांत टँकर येतो, हे तसेही आपल्याला स्वतंत्रपणे लाजिरवाणे आहेच.

पावसाळ्यात उष्णतेची जागा चिखल घेतो. जुलैत लावणीला पोटरीभर पाण्यात दिवसभर वाकून उभे राहावे लागते, आणि लेप्टोस्पायरोसिस हा उंदरांच्या लघवीतून पाण्यात उतरणारा रोग कोकणात याच दिवसांत डोके वर काढतो. गरोदरपणी तो झाला तर गर्भ जाण्याची भीती असते. त्यात रक्त कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. आमच्या वाडीत पूर्वी एका बाईचा पाचव्या महिन्यात गर्भ गेला आणि सहाव्या दिवशी ती लावणीला उभी होती. सासू दुष्ट नव्हती. सावडीने लावणी चालली होती, इतर घरांच्या बायका यांच्या शेतात येऊन गेल्या होत्या आणि त्या कामाची परतफेड करायला घरात दुसरे माणूस नव्हते. नवरा मुंबईला होता.

कायद्याला हे सुचलेले नाही असे नाही. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्याच्या नवव्या कलमाने गर्भ गेलेल्या स्त्रीला सहा आठवड्यांची पगारी रजा दिली. कोकणातल्या किती बायका तिच्या कक्षेत येतात? शिक्षिका, परिचारिका, बँकेतली कर्मचारी. काजूच्या छोट्या कारखान्यात बिया फोडणारी, बंदरावर मासळी निवडणारी, दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणारी बाई त्या रजेच्या दारातूनच परत येते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या अपत्यासाठी ५००० रुपये मिळतात, पण दुसरा हप्ता बाळाच्या जन्मनोंदणीला आणि लसीकरणाला बांधलेला आहे. प्रसूतीनंतर आशाताईंच्या घरभेटींचे वेळापत्रकही बाळाभोवती आखलेले आहे. मूल हाती आले नाही, तर योजनेच्या लेखी आईही उरत नाही.

नोंदीचे तेच. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार मृतजन्माची नोंद करावी लागते. दहाव्या आठवड्यात घरीच गेलेल्या गर्भाची नोंद मात्र कुठेही होत नाही, कारण उपकेंद्रात गरोदरपणाचीच नोंद झालेली नसते. कोणत्या वाडीत, कोणत्या कामावरच्या बायकांचे गर्भ अधिक जातात, हे मोजले गेले नाही तर त्यावरचा वाद नशीब आणि करणी यांच्याच भोवती फिरत राहील.

उपचारांचा इतिहास पाहिला तर एक विलक्षण गोष्ट दिसते. वैज्ञानिक नोंदींसह मान्यता मिळालेले भारतातले पहिले टेस्टट्यूब बाळ ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मले ते मुंबई महापालिकेच्या केईएम रुग्णालयात, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून. केईएम परळला आहे, म्हणजे ज्या गिरणगावात कोकणचा चाकरमानी राहत होता त्याच्या अगदी मध्यात. सार्वजनिक पैशाने, सार्वजनिक रुग्णालयात सिद्ध झालेले हे तंत्र पुढे जवळजवळ पूर्णपणे खासगी बाजारात गेले. दुसरीकडे, १९५२ साली कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम सुरू करणारा भारत हा जगातला पहिला देश. त्याचे चिन्ह असलेला लाल त्रिकोण वाडीवाडीत पोचला. मूल थांबवायला सरकार दारापर्यंत आले, मूल हवे असणाऱ्याला मात्र त्याने बाजारात पाठवले. थांबवण्याच्या कामातही भार बाईवरच होता. २०१९-२१च्या त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत देशात स्त्रीनसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुषनसबंदी ०.३ टक्के नोंदली गेली, म्हणजे केसपेपर इथेही तिच्याच नावाचा होता.

आज आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्टट्यूब बाळाच्या तंत्राच्या, एका फेरीला लाख-दोन लाखांच्या घरात खर्च येतो आणि तरुण जोडप्यांतही एका फेरीत यश साधारण तीनांपैकी एकालाच मिळते. चाळिशीनंतर ते फारच खाली येते. आयुष्मान भारत योजनेतून वंध्यत्वाचे उपचार वगळलेले आहेत. २०२१च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने दवाखान्यांची नोंदणी, वयोमर्यादा, बीजांडदात्या स्त्रियांचे संरक्षण या आवश्यक गोष्टी आणल्या, पण दरांना हात लावला नाही. शिवाय खर्च फक्त बिलाचा नसतो. बीजांडाची वाढ पाहायला एका महिन्यात तीन-चार वेळा सोनोग्राफी करावी लागते. देवगडच्या बाईने त्यासाठी प्रत्येक वेळी घाट चढून कोल्हापूर गाठायचे, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली, प्रवास झाला, आणि दर खेपेला शेजाऱ्यांना काहीतरी कारण सांगावे लागले. गोवा सरकारने २०२३ साली बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात मोफत आयव्हीएफची सोय केली. सावंतवाडी-दोडामार्गला बांबोळी जवळ आहे, पण राज्य दुसरे आहे. मग तालुक्याच्या गावी मोठे फलक लागतात, मोफत शिबिर भरते, आणि त्या शिबिरातून पुढे सोनेतारण कर्ज किंवा चार-पाच वर्षांच्या कराराने दिलेली कलमे, असा रस्ता सुरू होतो. फसवणूक होते असे मी सरसकट म्हणणार नाही. कितीतरी डॉक्टर मनापासून काम करतात. पण तीन फेऱ्या फसल्यावर हाती कर्ज राहिलेल्या जोडप्याला यशाचे प्रमाण आधी आकड्यांत सांगितले होते का, हे विचारायला हवे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. जिथे अवघड बाळंतपणासाठी रात्री भूलतज्ज्ञ मिळत नाही, तिथे वंध्यत्वावर सरकारी पैसा का घालावा? मला हा आक्षेप हलका वाटत नाही, आणि प्रत्येक तालुक्यात आयव्हीएफ केंद्र काढा अशी माझी मागणीही नाही. अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गनगरी या तिन्ही ठिकाणी आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथे पुढचे उपचार टप्प्याटप्प्याने उभे राहू शकतील. त्याआधीची पायरी मात्र स्वस्त आहे. वीर्यतपासणी, थायरॉइड, साखर, क्षयाची शंका असेल तर तिचा पाठपुरावा, आणि दोघांना समोर बसवून अर्धा तास बोलणे, एवढ्याने किती जोडप्यांना मोठ्या उपचारांची गरजच उरणार नाही, हे कोणताही अनुभवी स्त्रीरोगतज्ज्ञ सांगेल. दुसरा सल्ला दत्तक घेण्याचा. तो चांगलाच आहे, फक्त तो देणाऱ्यांना स्वतःची मुले असतात हे माझ्या लक्षात आले आहे. शिवाय ज्यांना मूल नको आहे त्यांचाही गौरीच्या ओवशाच्या दिवशी ‘काय गो, काय बातमी?’ या प्रश्नापासून बचाव व्हायला हवाच.

राहिला गर्भ गेलेल्या असंघटित बाईच्या रजेचा प्रश्न. कायद्याने ठरवलेले सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६चा दर दिवसाला ३१२ रुपये होता, त्या हिशेबाने १३,१०४ रुपये होतात. आयव्हीएफच्या एका फेरीच्या खर्चात अशा आठ-दहा बायका लावणीच्या चिखलापासून, मासळीच्या वाळवणापासून सहा आठवडे दूर राहू शकतील. दोन नावांच्या केसपेपरला तर तेवढाही खर्च नाही. छापील कागदावर आणखी एक ओळ वाढवावी लागेल आणि मोटारसायकलपाशी उभ्या असलेल्या माणसाला आत बोलवावे लागेल.